दिराला विचारलं होतं

माझी सगळी वकिली 'नाही' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं गेली. कुणीतरी धंद्याचा परवाना मागायचा, नगरपालिकेनं किंवा बाजार समितीनं तो नाकारायचा, आणि तो माणूस भांडत भांडत कोर्टापर्यंत आला की ती नकारघंटा कशी कायद्याला धरून होती हे सांगायला मी काळा कोट घालून उभा. टांगेवाले, मापाडी, खानावळवाले, दस्त लिहिणारे, सगळ्यांच्या विरोधात मी उभा राहिलो आहे. लातुरात पावसात अडकलो तर मला टांगा मिळायची मारामार व्हायची, ती उगाच नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमचे गाजलेले खटले' लिहा म्हणून गळ घातली. मी म्हटलं, माझा एकही खटला गाजला नाही. खून, दरोडे, जमिनीसाठी फुटलेली डोकी हे सगळं शेजारच्या दालनात चालायचं आणि गर्दीही तिकडेच. माझ्याकडे यायचे ते पोटाचे प्रश्न, आणि त्यांना बघायला आजवर कुणी खिडकीत लटकलेलं नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा. म्हणून लिहितोय. आणि लिहायचंच तर मी जिंकलेल्या कामांबद्दल लिहिणार नाही. मी हरलो त्या एका कामाबद्दल लिहिणार आहे, कारण त्यातल्या माणसांबद्दल मला आजही आदर वाटतो.

आधी बाहेरच्या वाचकासाठी थोडं धंद्याचं. परवाना नाकारला की माणूस आधी खात्यातल्या वरच्या साहेबाकडे अपील करतो. तिथं एका ओळीत बोळवण झाली की दिवाणी कोर्टात दावा, तोही गेला की जिल्हा न्यायाधीशांपुढे अपील. आता जिल्हा न्यायाधीश काही तराजू कसा धरायचा किंवा घोडं कसं पारखायचं हे शिकून आलेले नसतात. म्हणून कोर्ट बहुतेक वेळा एवढंच बघतं, की नाकारण्याची रीत नीट होती का. ज्याला नाकारलं त्याला कारण कळलं का, त्याच्याविरुद्ध जे बोललं गेलं ते त्याच्या कानावर पडलं का, आणि उत्तर द्यायला त्याला संधी मिळाली का. याला आमच्या भाषेत नैसर्गिक न्याय म्हणतात. घरात आई दोन भांडणाऱ्या पोरांना समोरासमोर उभं करून विचारते, तेच हे. फक्त आईला त्यासाठी मुद्रांक लागत नाही.

त्या वेळी लातूर जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबादहून वेगळे झालो म्हणून पेढे वाटले, आणि नंतर कळलं की जिल्हा झाला तरी खुर्च्या झालेल्या नाहीत. आमच्या मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, तिकडून ट्रकनं यायच्या, सुतळीनं बांधलेल्या, आणि निलंग्याच्या गठ्ठ्यात चाकूरचं प्रकरण सापडायचं. त्यात पावसानं दगा दिलेला. विहिरींना तळ दिसत होता, रोजगार हमीच्या कामावर बायाबापड्यांची रीघ, आणि कोर्टाच्या व्हरांड्यातल्या माठावर वकील आणि पक्षकार यांचा समान हक्क. दुष्काळात परवान्यांची प्रकरणं वाढतात, हे मी तेव्हा शिकलो. शेत पिकत असतं तेव्हा कुणाला टांगा नको असतो. शेत बसलं की जो तो हाताला दुसरं काही शोधतो, आणि ज्यांच्याकडे ते काही आधीपासून असतं ते दार आतून लावून घेतात.

अशा वेळी आम्हाला मुळेसाहेब न्यायाधीश म्हणून आले. बुटके, सावळे, आवाज इतका हळू की पहिले काही दिवस आम्हाला वाटलं साहेब आजारी आहेत. त्यांची एक खोड होती. दोन्ही वकील उभे राहिले की ते म्हणायचे, "आधी समोरच्याचं म्हणणं सांगा." म्हणजे मी समितीचा वकील, तर मी आधी अपिलवाल्याची बाजू मांडायची. आणि ती बरोबर मांडली की नाही हे ठरवणार कोण? त्याचा वकील नव्हे, तो स्वतः. तो पक्षकार उभा राहून "हाव, असंच हाय" म्हणाला की मगच मला माझी बाजू मांडायची परवानगी. तो "न्हाई" म्हणाला तर पुन्हा सांगा.

आमच्या बार रूममध्ये यावर फार चेष्टा चालायची. मुळेसाहेबांच्या कोर्टात फी एकाकडून घ्यायची आणि वकिली दुसऱ्याची करायची, असं म्हणत आम्ही चहा प्यायचो. पुण्यामुंबईच्या वकिलांनी तक्रारच केली असती. आम्ही मराठवाड्यातले, निजामाच्या राजवटीपासून साहेबाच्या तऱ्हा सोसायची सवय, म्हणून गप बसलो.

या खोडीचा पहिला दणका मला रहीमचाचांच्या टांग्यात बसला. चाचांचा परवाना नगरपालिकेनं पुढं चालवला नाही, कारण इन्स्पेक्टरनं घोडं तपासून 'अशक्त' असा शेरा मारला होता. तपासलं कधी, तर चाचा पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभे असताना. मी मुळेसाहेबांना चाचांचं म्हणणं सांगितलं, की घोडं बारीक आहे हे त्यांना मान्य आहे, पण ते आजारी नाही, चाऱ्यावाचून बारीक आहे. चाचा उठून म्हणाले, "हौ साब, बराबर बोले वकीलसाब. इस साल तो सबीच दुबले हैं. एक इन्स्पेक्टरसाब को छोड के." कोर्ट हसलं, इन्स्पेक्टरही हसला. घोडं पुन्हा तपासायचं, पण मालकासमोर, असा हुकूम झाला. चाचांनी इन्स्पेक्टरला मागं बसवून गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला भरधाव चक्कर मारली आणि परवाना घेऊनच खाली उतरले. मी ते काम हरलो, पण मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. घोड्यासमोर हरण्यात कमीपणा नसतो.

कौसाबाईंचं काम वेगळं होतं. ते मी जिंकणार याची मला खात्री होती.

कौसाबाई कांबळे चाकूरकडच्या एका खेड्यातल्या. नवरा नामदेव बाजार समितीत मापाडी होता. कुठली समिती ते लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत आणि मला भेटली की चहा पाजतात. मापाडी म्हणजे आडतीवर आलेला शेतकऱ्याचा माल काट्यावर मोजणारा माणूस. त्याला समितीचा परवाना लागतो, कारण शेतकऱ्याचा त्याच्यावर विश्वास असावा लागतो आणि व्यापाऱ्याचाही. कौसाबाई आधी त्याच आडतीवर धान्य चाळायला यायच्या. मग एकदा थप्पीवरचं पोतं निसटून नामदेवच्या खांद्यावर पडलं, खांदा कायमचा गेला, आणि तेव्हापासून नामदेव काट्याशेजारी पोत्यावर बसायचा आणि वजनं कौसाबाई टाकायच्या. परवाना नवऱ्याचा, हात बायकोचे. यावर कुणाचीच हरकत नव्हती. मजा अशी, की कायद्यात न बसणाऱ्या गोष्टीला हरकत नसते. ती कायद्यात बसवायला गेलं की हरकती निघतात.

नामदेवचा परवाना संपला तेव्हा कौसाबाईंनी आपल्या नावानं अर्ज केला. त्याच जागेसाठी आणखी एक अर्ज होता, नामदेवच्या धाकट्या भावाचा, भगवानचा. तो त्याच यार्डात हमाल. दुष्काळानं आवक आटलेली, त्यामुळे जागा एकच. समितीची बैठक झाली आणि परवाना भगवानला मिळाला.

माझ्याकडे कागद आले तेव्हा मी खूश झालो. बैठकीच्या इतिवृत्तात स्वच्छ लिहिलं होतं, की अर्जदार बाईंच्या घरच्यांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. खाली सही. अजून काय पाहिजे? मी समितीच्या सचिवांना विचारलं, "घरच्यांना म्हणजे कुणाला?"

"भगवानला," सचिव म्हणाले. "नामदेव तव्हा अंथरुणावर व्हता. मंग घरचा बाप्या म्हणून दिराला इचारलं. चहाबी पाजला त्याला."

"पण तो स्वतःच दुसरा अर्जदार ना?"

"त्ये येगळं. त्ये त्याचा अर्ज. वैनीच्या अर्जापुरता त्यो घरचा मानूस."

सचिव लबाड नव्हते, हे मला इथं स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्यांना खरोखर वाटत होतं की बाईची बाजू ऐकली. आमच्याकडे बाईची बाजू अशीच ऐकायची पद्धत होती. तिचं लग्न, तिची जमीन, तिचं दुखणं, सगळ्यात आधी घरच्या पुरुषाला विचारायचं आणि तो काय म्हणाला ते तिचं म्हणणं. या पद्धतीनं सोयरिकी जमतात. परवानाही जमेल असं त्यांना वाटलं.

"काय विचारलं दिराला?" मी म्हटलं.

सचिव जरा हसले. एका सदस्यानं हत्त्याची गोष्ट काढली होती. हत्ता म्हणजे जुन्या बाजारातली भाव ठरवायची रीत. आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव बोलतात, म्हणजे शेजारच्याला कळू नये. कायद्यानं बंदी होती, पण रुमालाखाली काय चाललंय ते कायद्याला कसं दिसणार? तर त्या सदस्याचं म्हणणं, बाजारात काम करायचं म्हणजे कधी ना कधी हत्त्यात हात घालायची पाळी येणार. भगवानला विचारलं, "तुझ्या वैनीनं परक्या बाप्याच्या हातात हात घातलेला चालंल का?" भगवान खाली बघून म्हणाला, "न्हाई बा." सगळे हसले आणि विषय संपला.

मी मनात म्हटलं, झालं. हरकत निघाली, घरच्याला विचारली, त्यानं मान्य केली. कायद्याच्या चौकटीत ढकलून बसवता येईल. खालच्या कोर्टात हत्त्याचं नाव न काढता, नुसत्या इतिवृत्तावर, मी ती बसवलीही होती.

मुळेसाहेबांपुढं सुनावणी निघाली त्या दिवशी कौसाबाई नामदेवला घेऊन आल्या होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, डोक्यावर पदर, आणि बसण्याची तऱ्हा अशी की बाक त्यांचाच आहे. त्यांच्या बाजूला उदगीरचे एक वकील होते, चांगले अभ्यासू. साहेब मला म्हणाले, "वकीलसाहेब, बाईंचं म्हणणं सांगा."

मी घसा साफ केला. "अपीलकर्तीचं म्हणणं असं आहे, की त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणानं त्यांना परवाना नाकारण्यात आला."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या. "न्हाई, साहेब."

त्यांचे वकील दचकले, कारण त्यांच्या अपिलात पहिला मुद्दा हाच होता. ते उठायला लागले, साहेबांनी हातानंच बसा म्हटलं. मी दुसऱ्यांदा सुरू केलं. बाईंना काम येत असताना ते दिराला दिलं, त्यामुळे त्यांच्या घरावर उपासमारीची पाळी आली.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "भगवानलाबी घर हाय. त्याचीबी लेकरं हायत. त्याला दिलं म्हणून माझं भांडण न्हाई."

ज्या दाव्यात मी उलटतपासण्या घेतल्या त्यात समोरच्या बाईचं भांडण काय आहे हेच मला ठाऊक नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाले, "त्यांनाच विचारा ना." मी वळलो आणि भर कोर्टात, वकिलानं समोरच्या पक्षकाराला विचारू नये तसं, साधेपणानं विचारलं, "कौसाबाई, मग तुमचं म्हणणं काय आहे?"

"म्या त्या दिशी भाईर बसले व्हते," त्या म्हणाल्या. "लिंबाखाली, सकाळधरनं. वाटलं बलवतील. खिडकी उघडी व्हती. माझं नाव निघालं की आयकू यायचं, फुडचं न्हाई. मंग भगवान आत गेला. मंग आतले समदे हासले." त्या थांबल्या. "कामून हासले, ते मला आजपत्तुर कुणी सांगितलं न्हाई. एवढंच म्हणणं हाय."

मला कारण माहीत होतं. सचिवांनी मला हसत सांगितलं होतं आणि मीही हसलो होतो. मी साहेबांकडे पाहिलं, ते माझ्याकडेच पाहत होते. मी बाईंना हत्त्याची सगळी हकीकत सांगितली, जशी झाली तशी.

बाई ऐकत राहिल्या आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर राग यायच्या ऐवजी नवल आलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "आवं, हत्त्यात आडत्या जातो अन् घेणारा जातो. मापाडी कव्हा जातो? त्याचे दोनी हात वजनात गुतलेले. हे तर समद्या बाजाराला ठावं हाय. त्यायनाबी ठावं हाय. म्या आत असते तर तिथंच सांगितलं असतं."

"आता बरोबर सांगा, वकीलसाहेब," साहेब म्हणाले.

मी तिसऱ्यांदा बाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांच्याबद्दल आत बोललं गेलं, त्या बाहेर होत्या, आणि जे बोललं गेलं त्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे होतं. कौसाबाई म्हणाल्या, "हाव. असंच हाय." साहेब म्हणाले, "आता तुमची बाजू मांडा." मी कागद चाळले. इतिवृत्तातली 'घरच्यांना ऐकलं' ही ओळ दिसली, खाली दिराची सही. ती वाचून दाखवायची मला लाज वाटली आणि मी म्हटलं, मला जास्त काही सांगायचं नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी झाला. नकार रद्द. समितीनं बाईंचा अर्ज नव्यानं ऐकावा, हरकती त्यांना आधी कळवाव्यात, आणि बाईंना समोर बसवून निर्णय घ्यावा.

कौसाबाईंनी निकाल ऐकला आणि विचारलं, "म्हंजी परवाना न्हाई?"

"नाही," साहेब म्हणाले. "काट्यावर कोण चांगलं, हे मला कळत नाही, बाई. ते समितीला कळतं. पण तुम्हाला ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही, एवढं मला कळतं."

बाई खवळल्याच. "मंग एवढे हेलपाटे कशाला घातले म्या? पुन्यांदा त्यायच्याच दारात जायाचं?" नामदेव त्यांचा पदर ओढत होता. साहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, "दारात नाही. आत." बाईंना ते पटलं नाही आणि त्या दिवशी मलाही नीटसं पटलं नव्हतं.

त्या साली पाऊस झाला. मुगाची आवक सुरू होण्याच्या बेतात होती आणि हंगामाआधी परवाना मिळणं बाईंसाठी फार गरजेचं होतं, कारण मूग, उडीद हातचे गेले की पुढं तूर येईपर्यंत काटा थंडच. समितीनं बैठक लावली आणि आता चूक नको म्हणून मलाही बोलावलं. कौसाबाई आत, खुर्चीवर. सचिवांनी हरकती एकेक वाचल्या, बाईंनी एकेकीला उत्तर दिलं. पोती कोण उचलणार, तर हमाल उचलतो, मापाडी नव्हे. उशीर झाला तर काय, तर चाळणीवाल्या बायाही उशिरापर्यंत थांबतात, त्यांना कुणी विचारत नाही. हत्त्याचं नाव कुणी काढलं नाही. दोन आडते स्वतःहून उठून म्हणाले, की आमच्या काट्यावर बाईनं मोजलेल्या मालाची कधी कुरकुर आली नाही. सभापतींनी इकडंतिकडं पाहिलं, माना हलल्या, आणि ते सचिवांना सांगू लागले, "लिवा. कौसाबाईला परवाना मंजूर, भगवानचा आजपास्नं रद्द."

मला लातूरची एस.टी. गाठायची होती. मी पिशवीत कागद भरायला लागलो होतो. तेवढ्यात कौसाबाई उभ्या राहिल्या.

"भगवान कुठं हाय?"

"भाईर हाय की," सचिव म्हणाले. "लिंबाखाली."

"त्याला आत बलवा."

सभापती वैतागले. "बाई, तुमच्या मनासारखं व्हायलंय. आता मधी बोलू नका."

"माझ्या मनासारखं व्हायलंय म्हणून तर म्हणते," कौसाबाई म्हणाल्या. "त्याचं काढून घेताव, अन् त्याला ठावंच न्हाई. म्या बसलेय त्या लिंबाखाली. आतलं हासणं लई लांबपत्तुर जातं, सभापतीसाहेब."

"इथं कुणी हासलं न्हाई."

"त्याला काय ठावं?"

सभापतींनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी खाली ठेवली. खरं तर मी त्यांच्याआधी बोलायला हवं होतं, पगार मला त्याचाच मिळत होता. मी सांगितलं, की बाई म्हणतात ते कायद्यानं बरोबर आहे. भगवानचा चालू परवाना काढायचा तर त्याला आधी कळवावं लागेल, मुदत द्यावी लागेल, मग त्याचं ऐकावं लागेल. म्हणजे निर्णय पुढच्या बैठकीत. सभापती म्हणाले, "बगा बाई, मुगाचा हंगाम जाईल तुमचा." बाईंनी नुसती मान हलवली आणि खाली बसल्या. नामदेव नंतर माझ्यासमोरच त्यांच्यावर ओरडला, "हातात आलेलं घालीवलंस."

मूग आला आणि गेला. भगवान काट्यावर होता आणि कौसाबाई त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर चाळणी करत होत्या. मी त्या दिवसांत एकदा यार्डात गेलो होतो तेव्हा पाहिलं. दीर-भावजय एकमेकांकडे बघत नव्हते.

पुढच्या बैठकीत भगवान पोटतिडकीनं बोलला, आणि सगळं वहिनीच्या विरोधात बोलला. वैनीला चाळणी तरी आहे, आपल्याला काट्यावाचून काय? पोती वाहून आपलीही पाठ गेली, उद्या आपलाही खांदा जाईल. भाऊ अंथरुणावर होता तेव्हा त्याच्या घरी ज्वारी कुणी पोचवली? त्या हत्त्याच्या सवालाबद्दलही बोलला. म्हणाला, "मला एवढ्या लोकात इचारलं, म्या न्हाईबिगर काय म्हणणार व्हतो? पन त्याच्यापाई परवाना आला, मंग म्या गप बसलो." सचिव त्याला आवरतं घे म्हणाले तेव्हा कौसाबाईच म्हणाल्या, "बोलू द्या त्याला." त्या त्याच्याकडे बघून ऐकत होत्या. ज्वारीचं खरं आहे, असंही त्यांनी मध्येच सांगितलं. मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. नामदेव पोत्यावर बसायला लागला तेव्हापासून काटा त्यांच्या हातात होता, आणि भगवानचा परवाना निघाला तो त्यांना न विचारता निघाला.

सदस्यांनी बराच वेळ काथ्याकूट केला. शेवटी अनुभवाच्या बळावर परवाना कौसाबाईंना गेला. भगवान उठला, सगळ्यांना जयभीम केला, वहिनीला सोडून, आणि निघून गेला.

मुळेसाहेबांची त्यानंतर लवकरच बदली झाली. त्यांच्या मागं ती रीत कुणी चालवली नाही. मी एकदोन नव्या साहेबांना सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सुचवलं नाही. आता तर तारखाच इतक्या झाल्या आहेत, की आपलंच म्हणणं सांगायला वेळ पुरत नाही, समोरच्याचं कुठून सांगणार? मला याची हळहळ वाटते. त्या बुटक्या माणसानं आम्हाला वकिलीच्या पुस्तकात नसलेली गोष्ट शिकवली आणि आम्ही तिची बार रूममध्ये चेष्टा केली.

भगवान मला काही दिवसांनी चाकूरच्या बसस्टँडवर भेटला. गठुडं घेऊन निलंग्याकडच्या साखर कारखान्यावर कामाला निघाला होता. वकिलाची सवय जात नाही. मी म्हटलं, "भगवान, अपिलाची मुदत आहे अजून. मला तुझं काम घेता येणार नाही, मी समितीचा. पण लातुरात चांगला वकील सांगतो."

"कशाचं अपील, वकीलसाहेब?"

"परवाना गेला की तुझा."

"गेला की." त्यानं गठुडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "पन म्या समदं बोललो. वैनीच्या तोंडावर बोललो. त्यायनी आयकलं, मंग ठरीवलं. आता वरच्या साहेबाला सांगाया नवं काय हाय माझ्याजवळ?"

"वहिनीशी बोलतोस का?"

"न्हाई." एस.टी. लागली होती, तो पायरीवर चढला आणि वळून म्हणाला, "राग हाय की. पन आता त्यो घरातला राग हाय, साहेब. कोर्टातला न्हाई."